शंभर पितर, एक वंश
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीचा खर्च चर्चेस आला, तेव्हा एका तरुण सभासदाने उठून विचारले होते की, गेलेल्या माणसांची नावे छापण्यात एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिष्यवृत्त्यांस का देऊ नये? प्रश्न प्रामाणिक होता. त्यास त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर देता आले नाही, हे येथे कबूल करावयास हरकत नाही. पुढे काही महिने जे वाचन घडले, त्यात हाच प्रश्न आम्हांस एका दूरच्या बेटावर भेटला. ते बेट कोरिया देशाच्या दक्षिणेस आहे आणि त्याचे नाव जेजू. आजचे भाषण त्याच बेटाविषयी आहे.

संमेलनाच्या आनंदाच्या दिवशी हत्याकांडाचा विषय कशासाठी, असे काही भगिनींस वाटेल. त्यांची क्षमा मागूनच आम्ही आरंभ करतो.

कोरिया आपणांस अगदीच परका नाही. 1948 च्या आरंभी तेथील निवडणुकांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने जो तात्पुरता आयोग पाठविला, त्याचे अध्यक्ष आपले के. पी. एस. मेनन होते. पुढे 1953 साली युद्धविराम झाल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी जी भारतीय सेना तेथे गेली, तिचे नेतृत्व मेजर जनरल थोरात या कोल्हापूरच्या सेनानीने केले. परंतु आमच्या मनात त्या देशाविषयी जवळीक उत्पन्न झाली ती निराळ्या कारणाने. कोरियातील कुळांची आपापली वंशावळीची ग्रंथरूप पुस्तके असतात. त्यांस ते जोक्पो म्हणतात. आपला कुलवृत्तान्त तो हाच! एक आडनाव आणि एक मूळस्थान असलेल्यांनी परस्परांत विवाह करू नये असा त्यांचा निर्बंध होता. 1997 साली तेथील घटना न्यायालयाने तो अवैध ठरविला, तेव्हा वृद्ध मंडळी किती संतापली असतील याची कल्पना आपल्यापैकी सगोत्र विवाहाचे वाद ऐकलेल्यांस सहज करता येईल. कुळांची मंडळे आहेत, सभा आहेत. पितरांच्या मृत्युदिनी घरी पाने मांडून, धूप लावून, ज्येष्ठ पुत्राने वंदन करावे असा त्यांचा जेसा नावाचा विधी आहे. जेजू बेटावर तर अशी कथा सांगतात की, को, यांग आणि पू या तीन कुळांचे मूळपुरुष भूमीतील तीन विवरांतून वर आले. ती विवरे आजही दाखवितात. अशा लोकांवर, म्हणजे पितरांचे नाव आणि तिथी यांवाचून ज्यांचे घर चालत नाही अशा लोकांवर, जे ओढवले ते आता ऐकावे.

1910 पासून कोरियावर जपानचे राज्य होते. 1945 च्या ऑगस्टात ते संपले आणि देश अडतिसाव्या अक्षांशावर दुभंगला. उत्तरेस रशियाचे सैन्य, दक्षिणेस अमेरिकेचे. जेजू दक्षिणेत येते. हाल्ला नावाचा ज्वालामुखी पर्वत मध्यभागी, त्याच्या उतरणीवर काळ्या दगडांच्या गडग्यांनी वेढलेली शेते, आणि किनाऱ्यावर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या स्त्रिया. वस्ती तीन लाखांच्या आतबाहेर. 1 मार्च 1947 रोजी तेथे 1919 च्या स्वातंत्र्यचळवळीच्या स्मरणार्थ सभा भरली. एका घोडेस्वार पोलिसाच्या घोड्याचा धक्का एका मुलास लागला. स्वार न थांबता पुढे गेला, जमावाने दगड मारले, पोलिसांनी गोळीबार केला आणि सहा माणसे मेली. निषेधार्थ सबंध बेटावर हरताळ पडला. त्यात सरकारी नोकरही सामील झाले. शासनाने त्याचे उत्तर धरपकडीने दिले. वर्षभरात सुमारे अडीच हजार लोक तुरुंगात पडले, कोठडीत मारहाणीने मृत्यू झाले, आणि उत्तरेतून पळून आलेल्या, साम्यवाद्यांविषयी मनात विखार बाळगणाऱ्या तरुणांची पथके बेटावर आणून सोडली गेली.

3 एप्रिल 1948 च्या पहाटे साम्यवादी पक्षाच्या सुमारे साडेतीनशे सशस्त्र लोकांनी बारा पोलीस ठाण्यांवर हल्ला केला. हेही खून होते, आणि पुढेही या बंडखोरांनी पोलिसांच्या व विरुद्ध मताच्या लोकांच्या कुटुंबांस, स्त्रियामुलांसकट, मारले आहे. ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस रास्त वाटत नाही. 10 मे रोजी निवडणुका झाल्या, त्यांत बेटाच्या तीन मतदारसंघांपैकी दोहोंची निवडणूक अपुऱ्या मतदानामुळे रद्द झाली. त्याच ऑगस्टात दक्षिणेत प्रजासत्ताक स्थापन झाले, सिंगमन ऱ्ही अध्यक्ष झाले, आणि नव्या राज्यास हे बेट डोळ्यांत सलू लागले.

17 ऑक्टोबर 1948 रोजी सेनाधिकाऱ्याने फर्मान काढले. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरहून अधिक आत जो कोणी आढळेल त्यास बंडखोर समजून गोळी घालण्यात येईल! बंधूंनो, पर्वताच्या उतरणीवरील गावे शतकानुशतके तेथेच वसलेली होती. त्यांनी जावे कोठे? काही किनाऱ्याकडे आले, तेथे त्यांची झडती झाली, आणि घरातील एखादा तरुण गैरहजर आढळला तर त्याच्याबद्दल आईबापांस मारण्यात आले. काही गुहांत लपले. नोव्हेंबरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि त्या हिवाळ्यात गावेच्या गावे जाळण्यात आली. हे प्रकरण संपले असे सरकारने म्हटले ते 1954 च्या सप्टेंबरात, पर्वतावर जाण्याची बंदी उठविली तेव्हा. तोवर पंचवीस ते तीस हजार माणसे गेली होती, म्हणजे बेटाच्या वस्तीच्या सुमारे दहावा हिस्सा. पुढे 2003 साली सरकारनेच जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी दहांत सुमारे आठ शासनाच्या बाजूने घडले असे म्हटले आहे. मृतांत पाचांत एक स्त्री होती. दहा वर्षांखालील मुले होती, साठीपलीकडचे वृद्ध होते.

आकडे ऐकून मन बधिर होते, म्हणून एकाच गावाचे सांगतो. बुकचॉन हे किनाऱ्यावरचे गाव. 17 जानेवारी 1949 रोजी गावाजवळ दबा धरून बसलेल्या बंडखोरांनी दोन सैनिक मारले. गावातील वृद्धांनी विचार केला की, प्रेते पडू देणे बरे नव्हे. त्यांनी ती स्वतः उचलून छावणीपर्यंत पोहोचविली. त्या वृद्धांपैकी एकास वगळून बाकी सर्वांस तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. मग सैन्य गावात आले. घरे पेटविली, लोकांस शाळेच्या मैदानात गोळा केले, आणि थोड्याथोड्यांच्या टोळ्या करून भोवतालच्या शेतांत नेऊन मारले. सुमारे तीनशे माणसे गेली. पुढे त्या गावास 'पुरुष नसलेले गाव' असे नाव पडले. घरे पुन्हा बांधली ती स्त्रियांनी. गावाजवळ एके ठिकाणी दगडांची लहान लहान कडी मांडलेली दिसतात. ती मुलांची थडगी आहेत. त्या गावात आजही एकाच रात्री घरोघर पितरांची पाने मांडली जातात, कारण तिथी सर्वांची एकच!

पाच वर्षांनी, 1954 च्या जानेवारीत, गावकरी काही निमित्ताने त्याच मैदानात जमले असता त्यांस रडू आवरले नाही. हंबरडा फुटला. पोलिसांनी त्याचीही चौकशी केली आणि पुन्हा असे करणार नाही, असे गावाकडून लिहून घेतले. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. गोळीबाराची वर्णने वाचून जे झाले नव्हते ते या एका कागदाने झाले. आपल्याकडे दहा दिवस घरात कोणी मोठ्याने रडले तर शेजारी येऊन पाठीवर हात ठेवतात.

आता 1950 कडे वळू. शासनाने आदल्याच वर्षी एक संघ काढला होता. पूर्वी डाव्या मताचे असलेल्यांस 'सन्मार्गास' लावण्यासाठी म्हणून त्यात नावे नोंदविली जात. नोंदणी वाढवून दाखविण्याच्या भरात राजकारणाचा गंध नसलेले शेतकरीही त्यात ओढले गेले. 25 जून 1950 रोजी उत्तरेच्या सैन्याने आक्रमण करताच या नोंदवहीतील माणसे गोळा करून देशभर ठार मारण्यात आली. तीनएक लाख सभासदांपैकी किती मेले याविषयी अंदाज दोन लाखांपर्यंतही जातात. 2005 साली नेमलेल्या सत्यशोधन आयोगास त्यांपैकी 4,934 जणांची नावे पुराव्यानिशी निश्चित करता आली. या अंतरातच सर्व काही आले. उत्तरेच्या सैन्यानेही माघारी जाताना तुरुंगांतील लोकांची कत्तल केली, आणि अमेरिकन सैनिकांनी नोगुन-री येथे निर्वासितांवर गोळीबार केला. परंतु तो विस्तार येथे नको.

जेजूवर 'संशयित' म्हणून धरून ठेवलेल्यांपैकी दोनशेंहून अधिक लोकांस 20 ऑगस्ट 1950 च्या सुमारास मोसुलपो गावाजवळच्या टेकडीपाशी, जपान्यांच्या जुन्या दारूगोळ्याच्या कोठाराच्या खड्ड्यात मारण्यात आले. नातलग धावत गेले. त्यांस हुसकून लावले. ती जागा सहा वर्षे बंद राहिली. शेवटी 1956 साली प्रेते उचलण्याची परवानगी मिळाली, तेव्हा खड्ड्यात पाणी साचले होते आणि अस्थी एकमेकींत मिसळल्या होत्या. कोणती कोणाची हे कोण सांगणार? मग नातलगांनी काय केले? एक कवटी, तिला दोन हात, दोन पाय, अशा रीतीने जुळवून एकशे बत्तीस देह सिद्ध केले आणि ओळीने पुरले. त्या स्मशानास त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ असा: शंभर पितर एका वेळी, एका ठिकाणी मेले, त्यांच्या अस्थी एक झाल्या, म्हणून त्यांची संतानेही एकच आहेत. वेगवेगळ्या आडनावांची, वेगवेगळ्या कुळांची ही माणसे! जोक्पोत ज्यांची पाने कधी एकत्र येणार नाहीत, त्यांनी एकमेकांच्या बापास आपला बाप मानले. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर उभे राहून ही गोष्ट सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, तो का ते सुज्ञांस सांगणे न लगे.

त्याच ऑगस्टात बेटाच्या पूर्व टोकास सॉंगसान येथील पोलीस ठाण्यातही संशयितांस मारण्याचा लष्करी हुकूम आला. तेथील प्रमुख मून ह्यंग-सून यांनी त्या कागदावर हा हुकूम अन्यायाचा असल्याने अमलात आणला नाही, अशा अर्थाचा शेरा लिहून तो परत केला. दोनशेंहून अधिक माणसे वाचली. मून पूर्वी जपानविरुद्ध मांचुरियात लढलेले होते. ते 1966 साली जेजूवरच वारले, मागे कुटुंब नव्हते. तो शेरा मारलेला कागद मात्र राहिला आहे. हुकूम होता, आम्ही काय करणार, असे म्हणणाऱ्या प्रत्येकास आम्ही तो कागद दाखवू इच्छितो.

मुख्य भूमीवर कोचांग प्रांती 1951 च्या फेब्रुवारीत सैन्याने 719 गावकरी मारले, त्यांत मुले पुष्कळ होती. तेथेही तीन वर्षांनी अस्थींची निवड करावी लागली. मोठी हाडे पुरुषांची, मध्यम स्त्रियांची, लहान मुलांची, असे ढीग करून थडगी बांधली.

आता आमच्या मूळ विषयाकडे येतो. माणसे मारली गेली, तेवढ्यावर हे थांबले नाही. ज्याच्या घरातील कोणी असा मेला असेल त्या घरावर शिक्का बसला. त्यास सरकारी नोकरी नाही, सैनिकी विद्यालयात प्रवेश नाही, परदेशी जाण्याचा परवाना नाही. मुलगा परीक्षेत पहिला येई आणि मुलाखतीत बापाच्या नावापाशी अडे. ही रीत 1980 पर्यंत कायद्याच्या आडून चालू होती. साहजिकच घरोघर खोटे बोलण्यास आरंभ झाला. नोंदवहीत मृत्यूची तारीख बदलून लिहिली, कारण बदलून लिहिले. पोरक्या मुलांची नावे काकांच्या, आजोबांच्या अपत्यांत घातली, आणि ती मुले काकास बाप म्हणत म्हातारी झाली. आता सत्तरी-ऐंशीतील ही माणसे आपल्या खऱ्या बापाचे नाव नोंदवहीत लागावे म्हणून न्यायालयात अर्ज करीत आहेत. कुलवृत्तान्ताची मुद्रिते तपासताना एका पिढीची चूक किती त्रास देते हे आमच्या समितीस ठाऊक आहे. तेथे तर एका सबंध बेटाची वंशावळ भयाने लिहिली गेली.

1960 च्या एप्रिलात विद्यार्थ्यांच्या उठावाने ऱ्ही यांचे राज्य गेले, तेव्हा मृतांच्या नातलगांनी संघ स्थापन केले, चौकशी मागितली, लोकसभेनेही ती आरंभिली. वर्षभरातच, 16 मे 1961 रोजी, पार्क चुंग-ही यांनी लष्करी बंड केले. नातलगांच्या पुढाऱ्यांस तुरुंगात घातले. मोसुलपोच्या त्या स्मशानातील शिळा पोलिसांनी फोडली. कोचांगची शिळा अक्षरे छिन्नीने घासून पुरून टाकली. एवढ्या मोठ्या राज्यास चार ओळी कोरलेल्या दगडाचे भय का वाटावे? फोडलेल्या शिळेचे तुकडे नातलगांनी जपून ठेवले. आता ते नव्या शिळेजवळ काचेआड ठेवलेले आहेत.

पुढील सतरा वर्षे कोणी जाहीरपणे बोलले नाही. 1978 साली ह्यन की-यंग या जेजूच्याच लेखकाने बुकचॉनच्या हत्याकांडावर 'सुनी सामचोन' नावाची दीर्घकथा लिहिली. लेखकास पकडून छळले आणि पुस्तकावर बंदी घातली. दोन वर्षांनी, 1980 च्या मे महिन्यात, क्वांगजू शहरात सैन्याने पुन्हा आपल्याच नागरिकांवर बंदुका चालविल्या. आम्हांस वाटते, जेजूचा हिशेब वेळीच झाला असता तर क्वांगजूस हुकूम देणाऱ्यांचा हात कदाचित थबकला असता. हे अनुमान आहे, सिद्ध करता येणार नाही.

1987 नंतर लोकशाही आली आणि काम पुन्हा सुरू झाले. 2000 साली जेजूसाठी कायदा झाला. 31 ऑक्टोबर 2003 रोजी अध्यक्ष रो मू-ह्यन यांनी बेटावर येऊन शासनाच्या वतीने क्षमा मागितली. देशाच्या अध्यक्षाने असे करण्याची ही पहिलीच वेळ. 1948-49 मध्ये लष्करी न्यायालयांनी 2,530 जणांस शिक्षा ठोठावून मुख्य भूमीवरील तुरुंगांत पाठविले होते, त्यांतील बहुतेक युद्धात नाहीसे झाले. त्यांच्या खटल्यांचे निकालपत्रच कोठे नाही, केवळ नावांची यादी आहे. जिवंत राहिलेल्या अठरा वृद्धांवरील ते खटले 2019 च्या जानेवारीत न्यायालयाने रद्दबातल ठरविले. 2022 पासून नुकसानभरपाई मिळू लागली.

सर्व मिटले असे मात्र समजू नये. स्मृतिउद्यानात मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत, त्यांत बंडखोरांच्या पुढाऱ्यांची नावे असावीत की नाही यावरून वाद झाले आणि काही पाट्या काढण्यातही आल्या. या प्रसंगास उठाव म्हणावे, दंगल म्हणावे, की हत्याकांड, यावरही एकमत नाही. म्हणून तेथील वास्तूत एक पांढरी शिळा आडवी ठेवली आहे. तिच्यावर काहीही कोरलेले नाही. योग्य नाव ठरेल त्या दिवशी ते कोरून ती उभी करावयाची.

याच बेटाच्या दुःखावर आणि क्वांगजूवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या हान कांग या बाईंस 2024 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या स्टॉकहोमला ते स्वीकारावयास निघाल्या त्याच सुमारास, 3 डिसेंबरच्या रात्री, त्यांच्या देशात अध्यक्षांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला. लोक मध्यरात्री सेऊलच्या लोकसभेपाशी धावले, प्रतिनिधी भिंती चढून आत गेले आणि काही तासांत तो रद्द झाला. धावलेल्यांत क्वांगजू आठवणारे वृद्धही होते आणि ते पुस्तकांतून वाचलेली मुलेही होती.

आणखी एक गोष्ट सांगून पुरे करतो. जेजूचा आजचा विमानतळ ज्या धावपट्टीवर आहे, तेथे 1949-50 मध्ये कैद्यांस मारून पुरले होते. 2007 पासून तेथे उत्खनन झाले आणि शेकडो सांगाडे निघाले. ते कोणाचे हे रक्ताच्या परीक्षेने ठरविता येते, परंतु त्यासाठी आप्ताचे रक्त हवे. पत्नी, मुले, भाऊ आता बहुतेक उरलेले नाहीत. म्हणून पुतण्या, नातू, चुलतनातू येऊन रक्त देतात, आणि दर वर्षी काही सांगाड्यांस नावे मिळतात. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नव्हती त्यांचा विधी कित्येक घरांत इतकी वर्षे जन्मदिवशी करीत आले आहेत. आपण अशांस सर्वपित्री अमावास्येस पाणी देतो.

गेल्या वर्षी प्रश्न विचारणारे आमचे तरुण मित्र आज सभागृहात आहेत. शिष्यवृत्तीच्या निधीस हात लावू नये, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे, आणि कुलवृत्तान्तासाठी निराळी वर्गणी काढावी अशी आमची सूचना आहे. माहितीपत्रके बाहेर टेबलावर ठेवली आहेत. ज्या घरी एखाद्याची तिथी, ठावठिकाणा अथवा मृत्यूचे कारण ठाऊक नसेल, अथवा सांगण्यास आजवर कोणी धजले नसेल, त्यांनी तो रकाना कोरा ठेवून नाव मात्र अवश्य लिहावे.